कपाटातली विश्रांती

आमच्या विभागप्रमुखांना विद्यार्थी पाठीमागे ‘सरासरी सर’ म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची बिशाद नाही. समोर कुणी धाय मोकलून रडत असेल तर सर आधी विचारतील, बाकीचे साधारण किती रडतात. मग ठरवतील, याचं रडणं धरायचं की सोडायचं. अशा माणसाच्या हाताखाली मी बायकांच्या आरोग्यावर संशोधन करते. हसू नका, मलाच कधीकधी हसू येतं.

त्या सोमवारी सर स्वतः चालत माझ्या खोलीत आले, हेच मुळात अघटित. एरवी ते बोलावणं धाडतात. हातात अहवालाची कच्ची प्रत आणि चेहऱ्यावर पोटभर जेवल्यासारखं समाधान. निष्कर्ष भलताच वेगळा निघालाय, गाजणार, असं म्हणत त्यांनी प्रत माझ्या टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्याच माझं तोंड न्याहाळत राहिले.

मी पहिलं पान वाचलं. ब्रेडच्या कारखान्यातल्या बायका ड्यूटीच्या वेळेतसुद्धा पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त विश्रांती घेतात, असं त्यात लिहिलं होतं. पुढे आणखी अक्कल पाजळली होती. बायका थकव्याच्या ज्या तक्रारी करतात त्यांचं मूळ कामात नसून ‘स्वतःच्या शरीराकडे पाहण्याच्या दृष्टिकोनात’ असावं, म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर म्हणाले, मुलाखती तुम्ही घेतल्यात, तेव्हा दृष्टिकोनाबद्दलची दोन पानं तुम्हीच लिहा.

त्या कारखान्यात माझी वहिनी काम करते. सख्ख्या मोठ्या भावाची बायको. माझं लग्न व्हायच्या आधीपासून तिने मला पोटच्या पोरीसारखं सांभाळलंय, आणि चिडवायचं असलं की मुद्दाम ‘वन्सं’ म्हणते.

पॅकिंगचा हॉल लांबलचक आहे. मधून पट्टा सरकतो आणि दोन्ही बाजूंना बायका उभ्या. ब्रेड आला की पिशवीत घालायचा, तोंड पिळून चिकटवायचं, खोक्यात रचायचं, आणि खोकं भरलं की उचलून भिंतीतल्या खिडकीतून पलीकडे सरकवायचं. पलीकडे पुरुष. ते खोकी गाडीत चढवतात, आणि गाडी यायला वेळ असला की त्याच खोक्यांवर बसून गप्पा हाणतात. बायकांच्या बाजूला बूड टेकायला काही म्हणजे काही नाही. एकदा एक जण रिकामा क्रेट उपडा घालून त्यावर टेकली, तर सुपरवायझर बाईंनी तो तिच्याखालून काढून नेला. एक बसली की सगळ्या बसतील, हे त्यांचं म्हणणं. बसल्या तर बसल्या. पिशव्या काय पायांनी भरतात का?

आणि वहिनीचं दुखणं असं की चारचौघांत बोलायची सोय नाही. तिने ते मला तिच्या स्वयंपाकघरात, नळ मोठा सोडून सांगितलं, बाहेर बसलेल्या माझ्या भावाला ऐकू जाऊ नये म्हणून. तिचं अंग बाहेर येतं, गर्भपिशवी खाली उतरलीय. धाकट्याच्या बाळंतपणापासून थोडं होतंच, ते आता उभं राहून राहून वाढलंय. ड्यूटी संपत आली की मांड्या घट्ट आवळून उभं राहावं लागतं. डॉक्टरीणबाईंनी आत रिंग बसवून दिली आणि बजावलं, काम बसून करा, जड उचलू नका, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल. ऑपरेशन म्हणजे काही महिने घरी, आणि तितके महिने कारखाना कुणाची जागा धरून ठेवत नाही. थोडक्यात, खुर्ची मिळाली तर वहिनीची तब्येतही टिकणार होती आणि नोकरीही. नाही मिळाली तर दोन्हींतलं एक जाणार होतं.

हॉलमधल्या सगळ्या बायकांनी मिळून खुर्च्या मागितल्या होत्या. तेव्हा व्यवस्थापक साहेबांनी हसून सांगितलं की आपण शास्त्रीय अभ्यास करून घेऊ, शास्त्र म्हणेल तसं करू. अभ्यास आमच्या विभागाकडे आला. सरांच्या विद्यार्थ्यांनी बायकांच्या आणि पुरुषांच्या मनगटांवर हालचाल मोजणारे बँड चढवले. मी बायकांशी बोलायचं. मी बोलले, आणि ऐकता ऐकता माझेच पाय भरून आले. सुजलेली पावलं, फुगलेल्या नसा, जागेवरून हलता येत नाही म्हणून दाबून ठेवलेली लघवी. सर या सगळ्याला ‘ऐकीव’ म्हणायचे. बँड खोटं बोलत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वहिनीला मी ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, “वन्सं, मी दमले का ते आता घड्याळाला विचारणार होय? मला विचारलं असतं तर फुकटात सांगितलं असतं.”

त्या संध्याकाळी मी धुसफुसतच घरी गेले. नवरा टेबलाशी फोन घेऊन बसला होता. सरांनी विभागातल्या सगळ्यांना एकेक बँड दिला होता आणि घरच्यांसाठीही एकेक, उपकरणाची ओळख व्हावी म्हणून. नवऱ्याला त्याचं भारी कौतुक. आदल्या दिवशी, रविवारी, माझी नणंद मुलाबाळांसह जेवायला आली होती आणि मी दुपारभर ओट्यापाशी उभी होते. नवरा फोनमध्ये बघून म्हणाला की रविवारी दुपारी तू शांत विश्रांती घेत होतीस, मग भांडी कुणी घासली? त्याच्या स्वतःच्या नावावर त्याच वेळी मध्यम व्यायाम लागला होता. हा गृहस्थ सोफ्यावर बसून टीव्हीवरची मॅच बघत होता आणि दर चेंडूला मांडीवर थाप मारत होता.

मी हसले. मग हसता हसता थांबले. पीठ मळायला घेताना मी बँड काढून फ्रिजच्या डोक्यावर ठेवला होता आणि पाहुणे जाईपर्यंत तो तिथेच होता. मी पुन्हा बँड काढून टेबलावर ठेवला. थोड्या वेळाने फोनवर आलं, बँड घातलेला नाही. मग तो उचलून फ्रिजवर ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, आता गप्प बस आणि बघ. फ्रिज आपला घुंघुं करत होता, त्याच्या डोक्याला बारीकशी थरथर होती. फोनवर आलं, शांत विश्रांती. झोपलेल्या माणसाचा हात हलतो तेवढाच फ्रिज हलत होता, आणि त्या दीडशहाण्या यंत्राला फ्रिज म्हणजे मी वाटत होते.

मला कारखान्यातली बायकांची कपडे बदलायची खोली आठवली. मुलाखती मी तिथेच घेतल्या होत्या, लोखंडी कपाटांना पाठ टेकून. कपाटं भट्टीच्या मोटरच्या भिंतीला लागून आहेत आणि त्यांची दारं दिवसभर किणकिणत असतात. मी वहिनीला फोन लावला आणि विचारलं, ड्यूटीवर असताना तुम्ही बँड कुठे ठेवता?

“कुठे म्हणजे? कपाटात,” ती म्हणाली. “दारावर मावशी हात तपासून आत सोडतात. मनगटावर काही ठेवूच देत नाहीत. तुमच्या त्या पोरांना सांगितलं होतं आम्ही. ते म्हणाले, चालेल, बाकीच्या वेळी घाला.”

पुरुषांना ही अडचण नव्हती. त्यांच्या हातात बंद खोकी येतात, त्यांनी मनगटावर काहीही बांधावं. म्हणजे इतके आठवडे आमच्या विभागाने पुरुषांचे हात मोजले आणि बायकांची कपाटं मोजली. आणि वर बायकांना दृष्टिकोन शिकवायला निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या खोलीत गेले. सगळं ओळीने सांगितलं, फ्रिजसकट. सरांनी छताकडे पाहिलं. म्हणाले, सहभागी बँड सतत घालतील असं कारखान्याने लेखी मान्य केलंय. मी म्हटलं, वरच्या ऑफिसने मान्य केलंय आणि खालच्या दाराने काढून घेतलाय. ते म्हणाले, एखाददुसरीने काढला असेल, तेवढ्याने सरासरी हलत नाही. मी म्हटलं, एखाददुसरी नाही सर, सगळ्या, रोज, पूर्ण ड्यूटीभर. मग त्यांनी आवाज मऊ केला. असा मऊ आवाज निघाला की समजावं, आता पाठीत धपाटा बसणार. शोधनिबंधाचा गोषवारा परिषदेत स्वीकारला गेलाय, म्हणाले, शुक्रवारी कारखान्यात सादरीकरण आहे, आणि तुमची वहिनी तिथे असल्यामुळे तुम्ही भावनिक होताय हे मी समजू शकतो. तेव्हा शुक्रवारी तुम्ही या, पण बोलू नका. नुसत्या बसा.

मी दाणदाण पाय आपटत जिना उतरून खाली आले. कपाटाची विश्रांती शास्त्रीय आणि माझ्या वहिनीचा थकवा भावनिक. तिचं शरीर तिच्याच पायांमध्ये घसरत होतं आणि ती ते नळाच्या आवाजाखाली लपवत होती, आणि इथे हा शहाणा माणूस लोखंडी खोक्याची नाडी बघून सांगत होता की बाई ठणठणीत आहे. घरी नवरा म्हणाला, जरा सबुरीने घे, नोकरीचा प्रश्न आहे. मी म्हटलं, आहेच, पण कुणाच्या?

शुक्रवारी आम्ही गेलो. मीटिंगची खोली कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. गुबगुबीत गाद्यांच्या, चाकं लावलेल्या, गर्रकन फिरणाऱ्या खुर्च्या. व्यवस्थापक साहेब, ऑफिसातले दोघे, सर आणि मी. हॉलमधल्या कुणालाच बोलावलं नव्हतं, कारण त्यांची ड्यूटी चालू होती. सरांनी भिंतीवर आलेख दाखवला. निळी रेघ पुरुषांची, उड्या मारणारी. गुलाबी रेघ बायकांची, जमिनीला लागून आडवी झालेली. साहेब खुर्चीत हलकेच डुलत होते. म्हणाले, शास्त्रानेच निकाल दिला म्हटल्यावर खुर्च्यांचा विषय मिटला, आता बायकांना कळवून टाकू.

सरांनी माझ्याकडे नजर टाकली. नुसत्या बसा, असं त्या नजरेत होतं. मी बसूनच विचारलं, “साहेब, तुमच्या हॉलमधली स्वच्छता फार कडक आहे असं ऐकलंय.”

साहेबांची छाती फुगली. “कडक म्हणजे काय, बाई. कोपराखाली काहीच चालत नाही. घड्याळ नाही, अंगठी नाही, साधा दोरा नाही. मी मालकाचा माणूस, पण मलासुद्धा दारावर हात दाखवावे लागतात. आजवर एकालाही सूट दिलेली नाही.”

“आणि आमचे बँड?”

“बँड असो नाहीतर आणखी काही असो, सगळं बाहेर कपाटात,” असं म्हणून साहेब थांबले. त्यांचं डुलणंही थांबलं.

मी उठून त्या गुलाबी रेघेवर बोट ठेवलं आणि म्हटलं, हे तुमचं कपाट झोपलंय. बायका त्या वेळी खाली उभ्या होत्या. आताही उभ्या आहेत. ऑफिसातल्या एकाला ठसका लागला. सरांनी चष्मा पुसायला काढला आणि तो पुसतच म्हणाले की याची अभ्यासाची मर्यादा म्हणून नोंद घेता येईल. साहेबांना तेवढाच आधार पुरला. ते म्हणाले, हरकत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा अभ्यास करू. तोवर पुरावाच नाही म्हटल्यावर आहे तसं चालू दे.

मला वाटलं होतं, खोटं उघडं पडलं की खरं आपोआप जिंकतं. इतकी वर्षं शिकवतेय आणि एवढंही कळू नये. माझा आवाज चढला आणि मी तो खाली आणायचा प्रयत्नही केला नाही.

“पुरावा खोटा होता तोवर तो खुर्च्या नाकारायला पुरत होता. आता खोटा ठरला, तर म्हणे खुर्च्या द्यायला पुरावा नाही. साहेब, तुम्ही ज्या खुर्चीवर बसून हे बोलताय, ती द्यायच्या आधी कुणी तुमचा अभ्यास केला होता?”

मी माझ्या खुर्चीची पाठ धरली आणि ती ढकलत दाराबाहेर काढली. मागून सरांचा आवाज आला, बाई, हे काय चाललंय. मी म्हटलं, तुम्ही बसा. चाकांची खुर्ची जिन्यावरून उतरवणं म्हणजे चेष्टा नाही. प्रत्येक पायरीवर ती धाडकन आपटत होती, माझ्या नडगीला लागत होती, आणि खरं सांगते, मला त्या आवाजाने बरं वाटत होतं.

हॉलच्या दाराशी मावशी बसल्या होत्या. हात तपासणाऱ्या त्याच त्या, निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि आधी आपलं काम केलं.

“बाई, हात.”

माझ्या मनगटावर बँड होता. तो मी काढून दिला आणि मावशींनी तो पाठीमागच्या किणकिणणाऱ्या कपाटांपैकी एका रिकाम्या कपाटात ठेवला. डोक्याला टोपी दिली. मग खुर्चीच्या गादीवर बोट दाबून मान हलवली. कापडाची खुर्ची आत जायची नाही, म्हणाल्या, धुता येत नाही ती. तिथे मात्र मला रडू फुटलं. इतकं करून शेवटी गादी आडवी आली. ही कुणासाठी चालवलीय, असं मावशींनी विचारलं. मी वहिनीचं नाव सांगितलं. मावशी गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि स्वतःची प्लास्टिकची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

“ही ने. रोज धुते मी हिला.” आणि माझी गादीवाली ओढून तिच्यावर बसल्या. एकदा गर्रकन फिरूनही पाहिलं.

हॉलमध्ये यंत्रांचा आवाज इतका की कानाशी तोंड नेल्याशिवाय बोलणं ऐकू येत नाही. वहिनी पट्ट्याच्या टोकाला होती, खिडकीजवळ. मी खुर्ची तिच्या मागे नेऊन ठेवली. तिने वळून पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत आधी राग आला.

“डोकं फिरलंय का तुझं? माझी नोकरी घालवशील.”

“बस,” मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

तिने सुपरवायझर बाईंकडे पाहिलं. बाई दाराकडे बघत होत्या, म्हणून आम्हीही पाहिलं. साहेब माझ्या मागोमाग खाली आले होते आणि दारात अडकले होते. मावशींनी त्यांचा हात धरला होता. घड्याळ निघालं होतं, पण अंगठी निघत नव्हती. साहेबांचं बोट गेल्या काही वर्षांत खाऊनपिऊन सुखी झालं होतं. ते आमच्याकडे बघून काहीतरी ओरडत होते, ते इथवर पोचत नव्हतं. मावशी शांतपणे त्यांना बेसिनकडे, साबणाकडे बोट दाखवत होत्या. आजवर एकालाही सूट दिलेली नव्हती.

वहिनी बसली. आधी कडेला टेकली, मग मागे सरकली, मग तिने पाय थोडे पुढे सोडले. मांड्या आवळून धरलेल्या होत्या, त्या सुटल्या, ते मला बाहेरून दिसलं. तिचे हात एकदाही थांबले नाहीत. ब्रेड येत होता, ती भरत होती, पिळत होती, चिकटवत होती, उभी असताना जितकं करायची तितकंच. शेजारणीने वाकून विचारलं, कसं वाटतंय गं. वहिनी म्हणाली, “थांब जरा. आत्ता कुठे टेकलेय.” आणि मान खाली घालून पिशवी भरता भरता रडायला लागली. खोकं भरलं तेव्हा शेजारणीनेच ते उचलून खिडकीत सरकवलं.

सुपरवायझर बाई तिथून निघून गेल्या. मला वाटलं, साहेबांकडे चालल्या. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात रिकामा क्रेट होता. कुणाकडेही न बघता त्यांनी तो शेजारणीच्या मागे उपडा घातला आणि दुसरा आणायला वळल्या. त्यांच्याही घोट्यांवरच्या नसा फुगलेल्या आहेत, हे इतक्या वेळा येऊन मी पाहिलंच नव्हतं.

मी बाहेर आले तेव्हा साहेब बेसिनशी फेसाने भरलेलं बोट पिरगाळत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, हे महागात पडेल. पडेलही. सोमवारी विभागात माझं काय होईल ते मला माहीत नाही, आणि क्रेट उद्या सकाळी जागेवर असतील का, तेही नाही. पण ते काढायचे तर आता साहेबांना स्वतः आत जाऊन, सगळ्यांदेखत, बसलेल्या बायकांखालून काढावे लागतील.

मावशींनी कपाट उघडून माझा बँड परत दिला. मी फोन पाहिला. खुर्ची घेऊन मी हॉलमध्ये शिरले तेव्हापासून आत्तापर्यंत, म्हणजे माझं काळीज घशाशी आलं होतं तेवढा सगळा वेळ, माझ्या नावावर शांत विश्रांती लागली होती. मी त्याचा फोटो काढून सरांना पाठवला आणि खाली लिहिलं, सर, हीसुद्धा सरासरीत धरा.